पानाला हात लावू नको

माझी बहीण मुक्ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी आठवीत असताना आई गेली, तेव्हा ताईने नर्सिंगचा नाद सोडून वाशीमच्या घरातली चूल हाती घेतली, म्हणून मी इंजिनिअर झालो. ती हे कधी बोलून दाखवत नाही, त्यामुळे ते जास्तच टोचतं. यंदा तिला पस्तिसावं लागलं. नर्सिंगच्या कोर्सला वयाची अट पस्तीस, म्हणजे ही शेवटची संधी. अर्ज फक्त ऑनलाइन, आज संध्याकाळी पाचपर्यंत. शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आज दुपारी हाती पडला आणि ताई पुण्यात येरवड्याच्या आमच्या खोलीत फोन घेऊन बसली.

त्या अर्जांची वेबसाइट आमची कंपनी चालवते. म्हणजे विश्रांतवाडीत एका जिमच्या वर बसून मी चालवतो.

सर्व्हरचं काम समजायला फार डोकं लागत नाही. बसस्टँडवर आरक्षणाच्या खिडक्या असतात, तशा आमच्या सर्व्हरला दोनशे खिडक्या. त्यांना थ्रेड म्हणतात. एका माणसाला एक थ्रेड, त्याचं काम झालं की पुढचा माणूस. बाकीचे रांगेत. अर्जातला फोटो तपासायला दुसऱ्या एका सर्व्हरकडे जातो आणि तिथून उत्तर येईपर्यंत थ्रेड हातावर हात धरून बसतो. म्हणून मी मुदत घातली होती. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं, तर माणसाला 'पुन्हा प्रयत्न करा' असं सांगायचं आणि खिडकी मोकळी करायची.

ती मुदत विश्वजीत सरांनी काढायला लावली. धानोरीची जमीन विकून कंपनी काढलेले आमचे मालक. "एरर दिसली की लोकं फोन करत्यात. गोल फिरू दे की! त्यांना वाटंल, काम चालू हाय." मी एकदा वाद घातला, मग पगाराची तारीख आठवून मुदत काढून टाकली. पानावर एक निळं चक्र टाकलं. मागे काहीही तुटलं तरी ते फिरतच राहील अशी सोय केली. छान जमलं होतं ते, खोटं का बोला!

तीन वाजता फोटो तपासणारा सर्व्हर आडवा झाला. दहा मिनिटांत आमचे दोनशेच्या दोनशे थ्रेड त्याच्या उत्तराची वाट पाहत अडकले आणि मागे हजारोंची रांग लागली. पावणेचारला ताईचा फोन आला.

"तेजस, सगळं भरलं रे, पण चक्र फिरूनच राहिलं. बंद करून पुन्हा उघडू का?"

"अजिबात नको! पानाला हात लावू नको. बाहेर पडलीस की नंबर जाईल. आणि आता मला फोन करू नको ताई, इथे आग लागली आहे."

"बरं बापा," ती म्हणाली.

त्या मिनिटाला माझा सल्ला बरोबर होता. सव्वाचारला फोटोचा सर्व्हर उठला, तशी मी मुदत परत घातली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. असं केलं की अडकलेले थ्रेड सुटतात, पण रांगेतले सगळे बाहेर फेकले जातात, त्यांचं चक्र मात्र फिरतच राहतं. ज्यांनी वैतागून पान पुन्हा उघडलं, ते सरळ आत गेले. हे मला ठाऊक होतं. ताई रांगेत आहे, हेही ठाऊक होतं. एकाच डोक्यात राहून या दोन गोष्टींची गाठ पडली नाही.

पुढच्या पाऊण तासात अडीच हजार अर्ज आले. सरांनी भजी मागवली. "बघ, जमलं का न्हाय?" मी दोन प्लेटा खाल्ल्या. पाचला अर्ज घेणं आपोआप बंद झालं, पाच वाजून एका मिनिटाने यादी कोर्स चालवणाऱ्या संस्थेकडे गेली आणि तिथे कुलूपबंद झाली. ते प्रोग्रामही माझेच, वेळेचे एकदम पक्के. लॅपटॉप मिटण्याआधी सहज म्हणून यादीत ताईचं नाव शोधलं. नव्हतं.

गाडी कशी चालवली आठवत नाही. खोलीत दुपारचं ताट झाकलेलं तसंच होतं. ताई भिंतीशी बसली होती, फोन चार्जरला लावून मांडीवर धरलेला. शेजारी दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत.

"मी बिलकुल हात नाही लावला," ती हसून म्हणाली. "तुलेही फोन नाही केला. पाच वाजून गेले, पण मी तर तीनपासून रांगेत आहे ना! आता किती लोक राहिले रे माझ्यापुढं?"

पडद्यावर निळं चक्र फिरत होतं. मला स्वतःची किळस आली.

"कोणीच नाही," मी म्हणालो.

"मग होईलच आता," ती म्हणाली आणि पुन्हा फोनकडे पाहत बसली.