क्रोशाच्या रुमालाखाली

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. परंतु तुम्ही मला कोणत्याही दुकानात पाहिले नसेल, कारण विकला जाण्यासाठी माझा जन्मच नव्हता. मी नमुना होतो. पुण्याच्या एका कंपनीने नवा कन्सोल बाजारात आणण्याआधी माझ्यासारखे मोजके नमुने घडवले आणि खेळ तयार करणाऱ्या छोट्या गटांकडे पाठवले. ‘साचा पक्का होण्यापूर्वी यात काय उणे आहे ते सांगा,’ असा निरोप सोबत होता. उणे! त्या शब्दाची मला पहिल्या दिवसापासून धास्ती वाटे. ज्याच्यात उणे सापडेल, त्याच्यासारखा दुसरा घडणार नाही, एवढे मला कळत होते.

माझ्या वाट्याला नागपूरच्या नंदनवन वस्तीतले एक घर आले. तिथे प्रशिक आणि त्याची सहकारी नंदिनी घराच्या वरच्या खोलीत बसून आपला पहिला खेळ तयार करत होते. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या उतरवण्याचा तो खेळ होता. माझा वरचा भाग जाळीचा होता. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर जाई. कंपनीचे मुख्य डिझायनर सुमंत यांना त्या नक्षीचा फार अभिमान होता, आणि खरे सांगू, मलाही होता. प्रशिकने मला खोक्यातून बाहेर काढले तेव्हा तो कितीतरी वेळ जाळीवरून बोट फिरवत राहिला.

“काय मस्त बनवलं वं ह्याले,” तो नंदिनीला हळूच म्हणाला. तो मुळातच हळू बोलणारा.

एका रविवारी त्यांनी मला खालच्या बैठकीत नेऊन मोठ्या टीव्हीला जोडले. खेळ रंगात आला होता. तेवढ्यात प्रशिकची आई शोभाताई आल्या आणि त्यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा पांढरा रुमाल मोठ्या मायेने माझ्यावर पसरला. खेळाच्या नादात कोणाचेच लक्ष गेले नाही. माझा श्वास कोंडला. जाळीशी आलेली ऊब पुन्हा आत वळली, आणि पडदा एकाएकी काळा झाला.

“काहून बंद पडला गा हा?” नंदिनीने विचारले. प्रशिकने वळून पाहिले आणि रुमाल ओढून काढला.

“आई, हे काहून टाकलं ह्याच्यावर?”

“धूळ बसून राहिली ना, बापा! इतकी महागाची वस्तू उघडीच ठेवू का?”

“काकू, उद्या आमच्यावर बी टाकसान एखादा,” नंदिनी हसली.

प्रशिक हसला नाही. तो फ्रिजकडे, मिक्सरकडे, शिलाई मशीनकडे पाहत होता. प्रत्येकावर एकेक रुमाल होता. या गल्लीतल्या घराघरांत तसेच असेल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता आले.

त्यानंतरचे दिवस फार अस्वस्थतेत गेले. साचा पक्का होण्याआधीची कंपनीची शेवटची बैठक जवळ येत होती. प्रशिक आरशासमोर उभा राहून वाक्ये जुळवी आणि अर्ध्यावर सोडून देई. सुमंत दुखावले तर नव्या कन्सोलसोबत प्रशिक आणि नंदिनीचा खेळ येणार नाही. गप्प राहावे, तर माझी भावंडे घरोघरी मायेच्या रुमालाखाली गुदमरतील. आणि मी? बोलू नकोस, असे मला वाटे. आणि बोलून टाक, असेही वाटे.

बैठकीच्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर सुमंत दिसले. “खेळ छान झालाय, प्रशिक. कन्सोलबद्दल काही?”

“सर... जाळी वर नको होती. लोक झाकतात.”

“अहो, झाकू नका असं पुस्तिकेत लिहू की आपण!” बैठकीतले कोणीतरी खुदकन हसले.

“बोल ना गा,” नंदिनी कुजबुजली. प्रशिक उठला. खाली जाऊन तो रुमाल घेऊन आला, कॅमेरा माझ्याकडे वळवला, रुमाल माझ्यावर अंथरला आणि खेळ सुरू केला. मला जोडलेल्या पडद्यावर संत्र्यांच्या पेट्या उतरू लागल्या. या वेळी पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. पेट्या अडखळल्या, थांबल्या, पडदा काळा झाला. मागच्या वेळी निवल्यावर मी पुन्हा सुरू झालो होतो; या वेळी मात्र पुन्हा कधीच झालो नाही.

पलीकडे सुमंत पुढे झुकून रुमालाकडे पाहू लागले.

“आमच्या आईचा टीव्हीसुद्धा असाच झाकलेला असतो,” सुमंत अखेर म्हणाले. “रोज पाहतो मी तो. जाळी दोन्ही बाजूंना घेऊ या.”

शोभाताई दारात उभ्या होत्या. “माह्या रुमालानं झालं का गा हे?”

“नाही वं, आई,” प्रशिक म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात माझ्यावर ठेवले. मी अजून गरम होतो.

मित्रांनो, आता दुकानात मिळणाऱ्या कन्सोलची जाळी दोन्ही बाजूंना आहे. वरून तो सपाट आहे. त्यावर कोणीही खुशाल रुमाल घालावा. प्रशिकचा संत्र्यांचा खेळ त्याच्यावर चालतो. माझ्यासारखा मात्र दुसरा घडला नाही. तुम्ही मोठे होऊन एखादी वस्तू घडवाल, तेव्हा ती वापरणाऱ्यांना आधी विचारा. आणि जो हळू बोलतो, त्याला पुन्हा एकदा विचारा. चालत्या यंत्राला मोकळा श्वास घेऊ द्या.

मी आता वरच्या खोलीतल्या फळीवर असतो. शोभाताईंनी माझ्यावर तोच रुमाल घातला आहे. बंद यंत्राला तो बाधत नाही. तरीही प्रशिक खोलीत आला, की आधी त्याचे एक टोक उचलतो, जाळीवरून बोट फिरवतो आणि ते टोक तसेच दुमडून ठेवतो.