डब्यावरची गाडी

खापरच्या माळावर शर्यत सुटल्याचा झेंडा पडला. नवनीतच्या बाइकचं इंजिन जीव खाऊन ओरडलं, पण चाक काही जोर धरेना. इंजिन बांधणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बाभळीखाली पडलेला ऑइलचा परका डबा तिला दिसला.

"हाई कोनी टाकं?"

"मी. तू देयेल ऑइल सांडनं, ताई. यावर रेसनी गाडीना फोटो शे!"

"ती कार शे, गधड्या! बाइकना क्लच इंजिनना ऑइलमाच बुडेल ऱ्हास. कारना ऑइलमा त्यान्या प्लेटा घसरतस!"

"पन सगळामा महाग व्हतं..."

रोहिणीनं डबा त्याच्या पुढ्यात आदळला.

"मंग बस ह्या डबावर, अन् जाय रेसमा!"