लाल रेघेच्या अलीकडचा खिळा

मी एक जुना धूरमापक आहे. मित्रांनो, हा शब्द सवयीने निघाला. तुम्हाला मित्र म्हणावं असं तुम्ही माझ्याशी वागला नाहीत.

कारखान्याच्या धुराड्यावर मला बसवलं, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली. काटा लाल रेघेपुढे गेला की भट्टी थांबवायची, असा नियम होता. पहिल्याच वर्षी ती तीनदा थांबली. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "हा फार नाटकं करतो." मग भट्टीवाल्याने काच काढली आणि रेघेच्या अलीकडे खिळा ठोकला. एकोणीस वर्षं माझा काटा त्या खिळ्याला टेकून थरथरत उभा राहिला. तपासनीस यायचे, चहा प्यायचे, "उत्तम!" म्हणायचे. ती शाबासकी तुम्हालाच लखलाभ.

भट्टीवाल्याची लेक शाळेत विज्ञान शिकवायची आणि भविष्यातल्या गोष्टी लिहायची. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. माहेर धुराड्याखालीच. बापाचा डबा द्यायला आली आणि मला बघत राहिली.

"बाबा, हा खिळा कशाला?"

"काटा हलू नये म्हणून गं. तू बस, पाय सुजलेत तुझे."

आठवड्याने तिने त्याला तिथेच एक गोष्ट वाचून दाखवली. दोनशे वर्षांनंतरची मुलं उकिरड्यात एक धूरमापक उकरतात. दहा पावलं चाललं की त्यांना धाप लागते. आपले पूर्वज अडाणी होते, बिचाऱ्यांना कळलं नसेल, असं ती मानत आलेली असतात. मग त्यांना खिळा दिसतो.

"पुढे?"

"त्या दिवसापासून ती पूर्वजांचं नाव घेत नाहीत."

"दोनशे वर्षं लांब आहेत, पोरी."

"ते उगाच लिहिलंय, बाबा. गोष्ट तुमच्या नातवाचीच आहे."

भट्टीवाल्याने पक्कड आणली. खिळा निघताच माझा काटा टोकाला जाऊन आदळला आणि वाकला. त्याने भट्टी बंद केली.

साहेब धावत आले. "डोकं फिरलं का तुझं?"

"काटा बघा, साहेब."

"वाकलाय. काढून टाका हा मापक. आणि तूही नीघ."

संध्याकाळी भट्टी पेटली. बापलेक घर सोडून गेले. बाळाचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मी भंगारात पडलो आहे. माझ्या जागचा नवा मापक चकचकीत आहे. त्याला खिळा लागत नाही. त्याच्यावर लाल रेघच नाही.

मला पुसू नका, तेल घालू नका. तुमची माया नको मला. माझ्या तबकडीवर खिळ्याचं भोक अजून आहे, आणि तुमची नातवंडं ते कधीतरी पाहतीलच. त्यानंतरही त्यांनी तुमचं नाव घ्यावं, असं काहीतरी आजच करा.