निंबाऱ्याचा वाटा

जहीरनं टाक शाईत बुडवला, दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली आणि विचारलं, "कौसामाय, रोज कितल्या घागरी पानी लागस?"

"दोन," कौसाबाई म्हणाली. "लिखी ले, दोन."

टाक कागदाजवळ जाऊन थांबला. चावडीच्या ओट्यावर एका बाजूला पुरुष बसले होते, खाली लिंबाच्या सावलीत बाया. घरटी एक म्हातारी पुढं येऊन उत्तर देत होती. जहीरला कौसाबाईचं घर ठाऊक होतं. त्याचा बाप कय्युम तीस वर्षं या गावांतून भाता आणि कथील घेऊन फिरला, गळक्या भांड्यांना डाग देत. त्या घराच्या ओसरीवर सात घागरींची ओळ असायची, आणि घरात अकरा माणसं, दोन बैलजोड्या, एक म्हैस. दोन घागरी तर म्हशीलाच लागत असतील.

"घर मोठं शे, माय. ढोरं शेतस. दोनमा कसं भागस?"

"तुन्हा बाप आम्हन्या घागरीस्ले डाग देये. त्याले इचार, निंबारान्या बाया पानी कसं वापरतस."

मागून जसोदाबाई पुढं सरकली. तिला राहवलं नाही.

"दोन म्हनजे बहूच व्हयन्यात, बाई. मन्हा घरमा दीड घागरमा दिन निंघी जास."

बाया हसल्या. कौसाबाई हसली नाही. जहीरनं दोन लिहिले, दीड लिहिला, आणि दोघींचे अंगठे घेतले.

खुर्चीवर बसलेले इंजिनीयर साहेब समाधानानं मान हलवत होते. शहराच्या नळयोजनेची पाहणी त्यांच्याकडे होती, आणि जहीर त्यांचा कारकून. निंबारा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक कुंड होतं; जेठ महिन्यातही त्याचं पाणी हटत नसे. ते कुंड बांधून काढायचं, वर झाकण, झाकणाला कुलूप, आणि तिथून बिडाचे पाईप चार गावांच्या शिवारांतून थेट शहरापर्यंत. दुसरा साहेब असता तर खुंट्या ठोकून निघून गेला असता. हे साहेब सरळ मनाचे, आणि खरं सांगायचं तर घात तिथंच झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी चावडीत सांगितलं होतं, "पाणी तुमचं आहे. तुम्हाला लागेल तेवढं आधी गावाच्या नळाला सोडीन, उरेल ते पुढं नेईन. किती लागतं ते तुमच्या तोंडानं सांगा. मात्र एकदा ठरलं की तोटी त्याच मापाची बसेल. पुन्हा बदलता यायची नाही."

साहेबांनी विचारलं की पाणी किती लागतं. गावाच्या कानांना ऐकू आलं की तुमच्या बाया किती उधळ्या आहेत.

कारण निंबाऱ्याचा सगळा तोरा त्या एका गोष्टीवर होता. पाण्याच्या तोंडाशी राहायचं आणि हात आखडता ठेवायचा. खालच्या कोरड्या गावांतून लोक इथं मुली मागायला येत ते याचसाठी. निंबाऱ्याची पोर दोन घागरींत घर चालवते, असं थेट प्रकाशा गावापर्यंत बोललं जाई. मुलगी आठ वर्षांची झाली की तिला तांब्याभर पाण्यात न्हायला शिकवत. आता हे सांगण्यातलं झालं. प्रत्यक्षात घर म्हटलं की धुणी आली, ढोरं आली, बाळंतपणं आली. पाणी लागेल तितकं लागायचंच. सांगायच्या दोन आणि आणायच्या नऊ. सांगणाऱ्या सासवा, आणणाऱ्या सुना, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालायची वेळ कुणावर कधी आली नव्हती.

शेहेचाळीस घरं झाली. बेरीज एक्क्याऐंशी घागरी. साहेबांनी आकडा आपल्या वहीत टिपून घेतला.

"असं गाव पाहिलं नाही मी," ते म्हणाले. "शहरातल्या एकेका बंगल्याला एवढं लागतं."

दुपार कलल्यावर जहीर कुंडाच्या खुंट्या तपासायला गेला. कौसाबाईची सून निर्मलाबाई पायऱ्यांवर वाकून घागर भरत होती. त्याला पाहून तिनं पदर पुढं ओढला.

"कितवी खेप, बहीण?"

"आठवी." मग घागर डोक्यावर घेता घेता, "कागदवर काय लिखं?"

"दोन."

ती तशीच उभी राहिली. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"तोटी दोननीच बठई का मंग?"

"हां. कुंडले कुलूप लागी जाई."

"ते तुम्हीन सांगा ना सायेबले."

"तुम्ही सांगा. तुमना घरनं पानी शे."

"मी सांगू?" पदराआडून ती हसल्यासारखी झाली. "आत्याबाईनी दोन सांग्यात, आनि सून चावडीवर जाईसनी नऊ सांगई? मंग माले माहेरलेच धाडतीन." आणि ती पायवाटेनं उतरू लागली.

त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, आमराईतल्या मुक्कामाच्या तंबूसमोर बसून जहीरनं यादीची नक्कल काढायला घेतली. साहेबांना सांगायचा प्रयत्न त्यानं आधीच केला होता.

"साहेब, बाया लाजेनं कमी सांगतात."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं होतं. "जहीर, या लोकांना आजवर कुणी विचारलंच नाही. मी विचारतोय, तर तू म्हणतोस त्यांचं ऐकू नका?"

  आता नक्कल काढताना कौसाबाईच्या नावापुढं त्यानं नऊ लिहिले.  मग जसोदाबाई सात. मग बापाबरोबर पाहिलेलं एकेक घर आठवत, तिथल्या भांड्यांची ओळ डोळ्यांपुढं आणत, तो खाली खाली गेला. तो काही साधुसंत नव्हता. निंबाऱ्याला वाढवलेली प्रत्येक घागर शहरातून वजा होणार होती, आणि शहरात त्याचा मोहल्ला नळाच्या शेवटच्या टोकाला होता. तिथल्या मचूळ विहिरीवर त्याची बायको सलीमा पहाटेपासून रांगेत उभी राहायची. पाईप येणार म्हणून तिनं नवी घागरसुद्धा घेऊन ठेवली होती. ते सगळं त्याला दिसत होतं. तरी त्यानं लिहिलं, कारण कुंड त्यांचं होतं, आणि उरेल ते न्यायचं असं ठरलं होतं. बेरीज तीनशे चौसष्ट झाली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

साहेबांनी नक्कल हातात घेतली, आपली वही उघडली, दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले. ते रागावले असते तर परवडलं असतं.

"तुझ्या ऐकण्यात काही चूक झाली असेल," ते शांतपणे म्हणाले. "किंवा माझ्या. आपण पुन्हा जाऊ. सगळ्यांसमोर वाचून दाखवू. खालच्या गावांचे पंचही बोलावू, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की निंबाऱ्यानं जास्त घेतलं."

पंचांसमोर कुणी बाई खरा आकडा सांगणार नाही, हे जहीरला कळत होतं. तो सकाळीच एकटा निंबाऱ्याला गेला आणि लोटन पाटलाला गाठलं. पाटील दाढी करवून घेत होता. जहीरनं त्याला तोटीचं माप, कुलूप, पुढची पन्नास वर्षं, सगळं समजावून सांगितलं. पाटील शहाणा होता, त्याला ते पटलंही.

"खरं शे तुन्हं," तो म्हणाला. "पन कौसाकाकीले कोन सांगई? आनि आज पंचस्मा शिरूड्याना भटू येई ऱ्हायना. काकीनी नात त्यान्हा पोऱ्याले देवानी बात चाली ऱ्हायनी. त्याना म्होरे नऊ म्हनाना का?"

"मंग भटूदादाले आज बलावू नका."

"बलायेल शे," पाटील म्हणाला आणि न्हाव्यापुढं दुसरा गाल केला.

चावडी त्या दिवशी गच्च भरली होती. साहेबांनी खुर्ची मुद्दाम खाली, लोकांत घेतली. जहीर उभा राहिला. यादी त्याच्या हातात होती आणि पहिलंच नाव पाटलांच्या भाऊबंदांतलं, मानाचं.

"कौसाबाई. घागरी नऊ."

 पंचांमध्ये बसलेला शिरूड्याचा भटू मिशीतल्या मिशीत हसला.

"नऊ? निंबाराले घर धोतस का काय रोज?"

हसू ओट्यावरून खाली बायांपर्यंत गेलं आणि तिथं विझलं. कौसाबाई उठली. सत्तरीची बाई, गुडघ्यावर हात देऊन उठली, पण उठली ती ताठ.

"कोनी लिखं हाई?"

"मी लिखं, माय," जहीर म्हणाला. "लागतस तितल्या लिख्यात. तुमनं नुसकान व्हवाले नको म्हनीसन."

"तू मन्हा घरमा उना व्हता मोजाले?"

"नही, माय."

"मंग चार लोकस्मा मन्ही अब्रू काबर काढी ऱ्हायना?" तिचा आवाज फाटला. ती खरोखर दुखावली होती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते पाहून जहीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मन्हा घरनी पोर उजवानी शे. नऊ म्हने! दोन सांग्यात त्या भी त्या दिन पाहुना बठेल व्हतात म्हनीसन जास्त सांग्यात. खोड ते. एक लिख."

"माय, एकमा..."

"एक लिख!"

जहीरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हळूच मान हलवली, लिही म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. जहीरनं बायांच्या गर्दीत मागं उभ्या असलेल्या निर्मलाबाईकडे पाहिलं. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता आणि ती कुठं पाहत होती ते कळत नव्हतं. तिचा एक शब्द, एकच, सगळ्यांसमोर, पुरला असता; पण तो मागायचा कुठल्या तोंडानं? त्यानं नऊवर रेघ मारली आणि एक लिहिला. कौसाबाईनं अंगठा असा दाबला की कागदामागची फळी हलली.

मग कुणाला विचारावंच लागलं नाही. जसोदाबाई आली आणि तिनंही एकच लिहायला लावली, अर्धी म्हटली तर कुणी मानणार नाही म्हणून. तिच्यामागून बाकीच्या आल्या. कुणी म्हणाली आमच्याकडे न्हाणं एकाआड एक दिवस असतं, कुणी म्हणाली ढोरं नदीवर जातात. नदी होळीलाच कोरडी पडली होती, आणि ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोटन पाटील जमिनीकडे पाहत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. जहीरनं हात दाखवला होता आणि अवलक्षण गावाच्या पदरात पडलं होतं.

शेहेचाळीस घरं, शेहेचाळीस घागरी.

भटू उठून कौसाबाईपाशी गेला, वाकून पाया पडला आणि मोठ्यानं म्हणाला, "सोयरीक पक्की, काकी." बायांनी एकमेकींचे हात दाबले. साहेबांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन अहवालाचा शेवट लिहिला: गावास विचारणा दोनदा केली, गावाने आपली गरज राजीखुशीने, पंचांसमक्ष कळवली, अर्ध्या इंचाची तोटी पुरेशी आहे. खाली साक्षीदाराची सही लागत होती. जहीरनं ती केली.

साहेबांचा टांगा खांडबारा स्टेशनावरची गाडी गाठायला निघून गेला. जहीरला सामान गोळा करून मागून जायचं होतं. तो मोजणीची साखळी गुंडाळत असताना कौसाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. राग तिच्याकडे फार वेळ टिकत नसावा, किंवा सोयरीक जमल्यानं तो उतरला असावा.

"सकायपाईन काही खादं नही तू," ती म्हणाली. "चाल. तुन्हा बाप भी मन्हा वसरीवरच जेवे."

ओसरीच्या कडेला त्याच्यासाठी पत्रावळ मांडली होती. आत बाया सोयरिकीचं बोलत होत्या, कुणीतरी गूळ वाटत होतं. निर्मलाबाई घागर घेऊन बाहेर आली, हातभर अंतर राखून उभी राहिली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली.

त्यानं हात धुतले, ओंजळीनं तोंड धुतलं.

"पुरे, बहीण," तो म्हणाला.

पाणी थांबलं नाही. ती घागर कलती करत गेली. धार त्याच्या मनगटांवरून ओट्याखाली पडत होती, अंगणातली धूळ भिजवत तुळशीपाशी पोचली, तिथून वाटेवर निघाली. आतून कौसाबाईनं हाक मारली, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"बहीण, पानी वाया जाई ऱ्हायनं."

"जाऊ द्या," पदराआडून ती हळूच म्हणाली. "धुई ल्या, भाऊ. आते शे तोवर."

घागर रिकामी होईपर्यंत जहीरनं हात तसेच पुढं धरून ठेवले.