काताशिंगची काठी

माझा बाप काताशिंग हट्टी होता, आणि मरतानाही त्याने हट्ट सोडला नाही. अक्रोड झोडपून झाले होते, द्राक्षांचा रस मडक्यांत भरून झाला होता, शेळ्या डोंगरावरून खाली यायला लागल्या होत्या. अशा वेळी त्याच्या छातीत खोकला बसला तो उठलाच नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "जमरात, मला सगळी नावं घेऊन पाठवा. अर्धवट पाठवू नका."

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पण मनात मला त्याचा असा राग आला होता की त्याची मान माझ्या मांडीवर नसती, तर मी तिथेच भांडले असते.

आमच्याकडे पुरुष गेला की त्याला घराण्याच्या देवळात, जेस्टक देवीच्या खांबांमधे, खाटेवर ठेवतात. दोन दिवस ढोल वाजतो, लोक त्याच्याभोवती नाचतात, कारण तो परक्यांकडे नाही, आपल्याच वाडवडिलांकडे निघालेला असतो. आणि मग घरातलं कुणीतरी नावं घेतं. आमची नावं नऊ. पहिला बुदोक, जो बर्फातून खिंड ओलांडून आला, तिथपासून खाली माझ्या बापापर्यंत. प्रत्येकाचं नाव आणि त्याने आयुष्यात काय केलं ते. नववं नाव खाटेवर झोपलेल्याचं. दहावं त्याच्या मुलाचं. ते घेतलं की मुलगा म्हणतो, "मी आहे," आणि सगळ्यात वडील माणूस बापाची काठी उचलून त्याच्या हातात देतो. कुणीच बोललं नाही, तर काठी मेलेल्याबरोबर पेटीत जाते. ते मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. दोन हिवाळ्यांत त्या घराचं छप्पर बसलं.

नऊ नावं दोघांनाच येत होती. बापाला आणि माझ्या धाकट्या भावाला, शेरबेकला. बापाने ती त्याला वरच्या गोठ्यात शिकवली, शेळ्यांचं दूध काढता काढता. त्या गोठ्यात बायका जात नाहीत, आणि बाहेरचे पुरुषही नाहीत. मी आठ-नऊ वर्षांची, दोघांच्या भाकऱ्या घेऊन चढायचे, आणि जुनिपरच्या झाडापाशी थांबायचे. तिथून पुढे आम्हाला वाट बंद. आतून बापाचा आवाज यायचा, मागोमाग भावाचा. आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. एकदा मी बापाला म्हटलं, मलाही शिकव. तो पोट धरून हसला. म्हणाला, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. या घरच्या नावांचं तिथे काय लोणचं घालणार?"

तर घ्या आता लोणचं.

शेरबेक वाईट पोरगा नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. तो खालच्या आयून गावापासून आमच्या दरीपर्यंत जीप चालवायचा. आयूनच्या एका घरी चहाला थांबायला लागला, आणि त्या घरातली नसीमा त्याच्या मनात भरली. तिच्या वडिलांची एकच अट होती, आणि ती त्याने मान्य केली. कलमा पढला, नाव बदललं, टोपी बदलली. जबरदस्ती कुणी केली नाही. त्याच संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन तो हसत घरी आला आणि मला म्हणाला, "ताई, अगं मी तोच आहे की. फक्त लग्न ठरलंय." त्याला खरंच तसं वाटत होतं. पुडा माझ्या हातात दिला आणि सवयीने बादली उचलून गोठ्याकडे निघाला. दूध काढायची त्याची पाळी होती.

बाप जुनिपरपाशी उभा होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याने फक्त विचारलं, "कुणाकडे आलास, पोरा?"

शेरबेक बादली तिथेच ठेवून परत आला. इथून तिकडे जाता येतं, तिकडून इकडे येता येत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. शेरबेकलाही ठाऊक होतं. पण आपल्या बाबतीत ते एवढं खरं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सहा वर्षं झाली त्याला. तो दरीच्या तोंडाशी पत्र्याचं घर बांधून राहिला. बाप त्याच्या ओसरीवर जायचा, बसायचा, नातवाला काठीचा घोडा करून द्यायचा. नसीमाही भली बाई. सासऱ्याला आवडतात म्हणून जर्दाळू राखून ठेवायची. माया आटली नव्हती. फक्त नावं आटली. मी बापाला दर हिवाळ्यात म्हणायचे, मला नाही तर माझ्या लेकीला, वासियाराला शिकव, पोरगी हुशार आहे. तो म्हणायचा, "बघू. चौमोसचा सण होऊ दे." सहा चौमोस झाले. मला वाटतं, तो शेरबेकच्या आवाजाची वाट बघत होता. नावं दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे पोरगा गेला हे कबूल करणं, आणि तेवढं त्याच्याने झालं नाही.

बाप गेला त्या दुपारपासून ढोल वाजायला लागला. तीस शेळ्या कापल्या. पनीर, तूप, भाकऱ्यांच्या चळती, सगळं त्याच्या इभ्रतीला शोभेल असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोशमस माझ्याजवळ येऊन बसला. तो आमच्या म्हाताऱ्यांत सगळ्यात वडील, बापाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने विचारलं, नावं कोण घेणार? मी म्हटलं, मी. बायका उभ्या राहून नावं घेत नाहीत, पण खाटेपाशी बसून रडण्यातून घेतलेली चालतात. खोशमसची त्याला हरकत नव्हती.

"किती येतात तुला?" त्याने विचारलं.

"तीन. बाप, आजा, पणजा."

त्याने बापाच्या अंगावरचं कांबळं सारखं केलं. "तिघांच्या आधाराने माणूस तिथवर पोचत नाही गं, पोरी."

मी म्हटलं, तुम्हाला येत असतील तर तुम्ही सांगा. त्याने मान हलवली. आमची काही नावं त्याच्या कानावर होती, पण क्रम पक्का नव्हता, आणि एक बाप गाळला तर त्याच्याखालचे सगळे पोरके होतात. चुलत घराण्यात विचारावं, तर शेजारच्या बिरीर दरीतलं ते घराणं कधीच संपलं होतं.

मी उठले आणि ओढ्यापलीकडे गेले. तिथे पाहुण्यांची वेगळी चूल होती, कारण आम्ही कापलेलं त्यांना चालत नाही. आयूनची आणि दरीच्या तोंडाची शेजारची माणसं आली होती, जळण घेऊन आली होती, दोघे-तिघे तर माझ्या बापासाठी रडत होते. त्यांच्यात शेरबेक बसला होता. स्वतःच्या बापाच्या दुखवट्याला पाहुण्यांच्या पंगतीत. समोरची ताटली तशीच होती.

मी त्याला बाजूला घेतलं आणि बापाने काय मागितलं ते सांगितलं.

तो खाली बघत म्हणाला, "मला सगळी येतात, ताई. जीप चालवताना म्हणतो मी. झोप येऊ नये म्हणून."

"मग सांग मला. आत्ता इथे सांग, मी पाठ करते."

"नऊ नावं आणि नऊ जणांच्या गोष्टी तासाभरात पाठ होतात होय? मला तीन वर्षं लागली. बापाने काठीने बडवलंय त्यासाठी."

मग त्यालाच सुचलं. देवळाची मागची भिंत दगड आणि लाकडाची, आणि लहानपणी आम्ही तिच्या फटीतून आत ढोलाला तूप चोळताना बघायचो. ती फट अजून होती. आत भिंतीला पाठ लावून मी बसायचं, बाहेर तो. आत यायची त्याला बंदी होती, भिंतीला टेकायची नव्हती. मी विचारलं, तुझ्या लोकांना चालेल का? तो म्हणाला, "नावं घेणं म्हणजे काही पूजा नाही. बापाचीच नावं आहेत ना."

शेवटच्या नावाचं आम्ही दोघंही बोललो नाही. माझ्या मनात ते आलं नव्हतं असं म्हटलं, तर खोटं होईल.

मी खोशमसला सांगून खाट मागच्या भिंतीकडे सरकवायला लावली. का ते त्याने विचारलं नाही. ढोल थांबला. म्हातारे काठ्या टेकून ओळीने उभे राहिले, बायका माझ्याभोवती बसल्या. मी बापाच्या कपाळावर हात ठेवला आणि पाठीमागून, दगडातून, भावाचा आवाज आला. अगदी हळू. "बुदोक. कमरेला बियाणं बांधून खिंडीतून आला. वाटेत उपाशी राहिला, पण बियाणं खाल्लं नाही."

मी रडत ते म्हटलं. मग शुराक, बुदोकचा मुलगा, ज्याने ओढ्याचं पाणी शेतात वळवलं. मग आझोर, ज्याने सगळ्या दरीला तीन दिवस जेवू घातलं आणि चौथ्या दिवशी स्वतः शेजाऱ्याकडे पीठ मागायला गेला. यावर म्हातारे हसले, कारण तिथे हसायचंच असतं. मग तान्युक, ज्याने नुसत्या काठीने बिबळ्या हाकलला. मग बांगुली, ज्याने काहीच केलं नाही, पण ज्याची एक शेळी कधी हरवली नाही. मग चोनर. आठ-नऊ वर्षांच्या मला जुनिपरपाशी जे ऐकू यायचं नाही, ते एकेक करून माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं. मला बापाचं दुःख होतंच, पण त्याच्या वर, खरं सांगते, एक लाजिरवाणा आनंद होता. चाळिशीला आल्यावर मला कुणीतरी गोठ्यात घेतलं होतं.

हळूहळू आवाज मोठा होत गेला. शेरबेकला भान राहिलं नाही. मलोशपर्यंत आलो तेव्हा पुढच्या बायकांना तो ऐकू यायला लागला होता आणि त्या माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होत्या. खोशमसने डोळे मिटून घेतले होते. आवाज बापासारखाच होता, त्याला कोण काय करणार? दरामिस झाला. काताशिंग झाला. माझ्या बापाने काय केलं ते शेरबेकने सांगितलं नाही, ते मीच सांगितलं, कारण बाहेर तो नुसता श्वास घेत होता.

मग माझी पाळी होती. दहावं नाव मलाच घ्यायचं होतं, तिथे सांगणारा कुणी नसतो. मी खोशमसकडे पाहिलं. त्याने डोळे उघडले आणि किंचित मान हलवली. नको म्हणून की घे म्हणून, मला आजही ठाऊक नाही.

मी म्हटलं, "काताशिंगचा शेरबेक."

सहा वर्षांत ते नाव देवळात कुणी घेतलं नव्हतं. बाहेरून लगेच, जणू तो तोंड उघडूनच बसला होता, उत्तर आलं. हळू नाही. ओढ्यापलीकडे जाईल इतकं मोठ्याने. "मी आहे."

सगळ्यांनी ऐकलं. साठ-सत्तर माणसं होती. ढोलवाल्याने मान खाली घातली. माझी वासियारा माझ्या कुशीत सरकली.

खोशमस पुढे आला. त्याने बापाची काठी उचलली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि विधीचा प्रश्न विचारला, जो एरवी कधी विचारावा लागत नाही, कारण मुलगा समोरच उभा असतो. "या घरचं इथे कुणी आहे का?"

"मी आहे," भिंतीतून पुन्हा आलं. "खोशमस काका, मी आहे."

शेरबेकला पहिल्यांदा शेळीवर बसवणारा खोशमसच होता. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रत्येकाने नजर जमिनीकडे वळवली. मीही वळवली. हे मी सांगायला नको होतं, पण मीही वळवली. बाहेरच्या माणसाच्या हातात घराची काठी दिली, तर उद्या घर कुठलं आणि बाहेर कुठलं, हे आम्ही आमच्या पोरांना कसं सांगणार? आम्ही मोजके उरलो आहोत. ती एक रेघ सोडली, तर आमच्याकडे दुसरं काय आहे?

हा प्रश्न तीनदा विचारायची रीत आहे. खोशमसने तो पुन्हा विचारला नाही. त्याने काठी बापाच्या उजव्या अंगाला ठेवली, त्याची बोटं तिच्यावर नीट वळवली, आणि वरून कांबळं ओढलं.

मी मागच्या बाजूला गेले. शेरबेक भिंतीपाशी गुडघ्यांवर बसला होता, टोपी मातीत पडलेली, गालावर दगडाचे वळ. मला बघताच तो उठला.

"नावं बरोबर झाली ना? चोनर आणि मलोश मी उलटे नाही ना घेतले?"

"नाही. सगळी बरोबर झाली. बाप नीट पोचणार."

"आणि माझा आवाज? आत ऐकू आला का त्यांना?"

"आला," मी म्हटलं. "सगळ्यांना आला."

त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, काठी घेताना करायचे असतात तसे. बापाने गोठ्यात शिकवलं असणार. थोडा वेळ ते तसेच धरले, मग परत घेतले, आणि वाकून मातीतली टोपी उचलली. आत ढोल पुन्हा सुरू झाला होता. मी नाचायला गेले, तो पाहुण्यांकडे गेला.