जेटमधला उजेड

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर आहे. नाव लांबलचक, पण आकार तुमच्या मुठीत मावेल एवढाच. टाकीतलं पेट्रोल आणि बाहेरची हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पाजायची, हे माझं काम. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं, कमी पडलं की धापा टाकतं. माझ्या पोटात जेट नावाची पितळेची छोटीशी नळी आहे. तिच्या भोकातून सुईचं टोकही जेमतेम जाईल, पण सगळा कारभार त्या भोकावर चालतो.

माझे मालक जनावरांचे डॉक्टर होते. अडलेली गाय असो की पाय मोडलेला घोडा, एकवीस वर्षं आम्ही धावत राहिलो. “पहिल्या किकला उठते माझी गाडी,” असं ते भेटेल त्याला सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, ती नऊ वर्षं. माझ्यातलं पेट्रोल उडून गेलं आणि मागे राहिलेला तपकिरी चिकटा काचेसारखा कडक झाला. जेट बुजला. अंगावर पांढरी भुकटी चढली.

डॉक्टरांची मुलगीही जनावरांचीच डॉक्टर झाली. तिला वडिलांचीच गाडी हवी होती. दोन गॅरेजवाल्यांनी मला पाहून मान हलवली. “हा गेला. याचे भाग आता मिळत नाहीत. दुसरा बसवा.” शेवटी ती मला फडक्यात गुंडाळून, सगळे ज्यांना वस्ताद म्हणत त्या जुन्या मेकॅनिकच्या घरी घेऊन गेली.

दार वस्तादांच्या बायकोनं उघडलं. दीड वर्षापूर्वी वस्तादांची नजर गेली होती आणि तेव्हापासून त्यांनी हत्यारांच्या पेटीला हात लावला नव्हता.

“ताई, मी काम सोडलं,” ते म्हणाले.

“नुसता हातात तरी घ्या,” मुलगी म्हणाली.

त्यांनी घेतलं. अंगठा माझ्यावरून सावकाश फिरला आणि मी थक्क झालो. “चोकची पट्टी वाकलीय. आणि हा स्क्रू कुणीतरी पकडीनं पिळलाय. गाढव कुठला!”

“अहो, सगळं दिसतंय की तुम्हाला,” बायको म्हणाली.

“जेट कसा दिसणार?”

“तो मी बघते.”

तीस वर्षं त्या माउलीनं फक्त नवऱ्याचे काळे झालेले शर्ट धुतले होते.

दोन दिवस त्यांनी मला रॉकेलमध्ये भिजत ठेवलं. मग वस्तादांनी जेटच्या खाचेत पेचकस बसवला. जोर जास्त झाला असता, तर पितळ तुटलं असतं आणि माझी रवानगी थेट भंगारात झाली असती. ते किंचित पिळत, थांबत, पुन्हा पिळत. बऱ्याच वेळानं ‘कट्’ असा आवाज झाला. जेट सुटला!

“पोलादी तार नको, भोक मोठं होईल. तांब्याच्या वायरीतली एकच काडी घे,” त्यांनी सांगितलं. बायकोनं ती फिरवली, फुंकर मारली आणि जेट खिडकीकडे धरला.

“दिसतंय?”

“काहीच नाही.”

असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती बोलेचना.

“अगं, बोल की!”

“दिसतंय,” ती हळूच म्हणाली. “टाचणीच्या टोकाएवढं. पण गोल आहे हो, अगदी गोल.”

वस्तादांनी चेहरा खिडकीकडे वळवला.

मग तिनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं माझा कानाकोपरा घासला, पॉलिश लावून मला इतकं चमकवलं की मीच मला ओळखू येईना. वस्तादांनी नवं पॅकिंग कापून मला बंद केलं आणि मुलीनं टेम्पोतून आणलेल्या गाडीवर चढवलं. मुलीनं किक मारली. एक, दोन, तीन. इंजिन खोकत, अडखळत सुरू झालं.

“स्क्रू डावीकडे फिरव,” वस्ताद कान देऊन बायकोला म्हणाले. “पाव फेरा. अजून थोडा. आता केसभर मागे. बस्स!”

इंजिन एका लयीत चालू लागलं. मुलीनं इंजिन चालू ठेवूनच वडिलांना फोन लावला आणि तो गाडीजवळ धरून ठेवला.

मित्रांनो, त्या हातांचं नवल मला अजून वाटतं. तुम्हाला एवढंच सांगतो, गाडी फार दिवस उभी ठेवणार असाल, तर टाकीतलं आणि माझ्या पोटातलं पेट्रोल काढून ठेवा. आणि ओळखीचा एखादा जुना कारागीर घरी नुसता बसून असेल, तर बिघडलेली वस्तू घेऊन त्याच्याकडे जा. तो नको म्हणाला, तरी थोडं बसा.