आत्याच्या माचाखालचं मांजर

आत्याच्या माचाखालचं मांजर इतकं लठ्ठ झालं होतं, की चालता चालता मध्येच बसून पुढचा विचार करायचं. त्याला काम एकच: आडवं पडून तोंड उघडं ठेवायचं. वर बांबूच्या माचावर ताणलेल्या जाळ्यावर आत्या मांदेली वाळत घालायची आणि त्यातली निम्मी भोकांतून खाली गळायची.

"जाळं फाटलंय तुझं," गाठोबा म्हणाला. हा तिचा भाचा. बंदरावर होडीवाल्यांची जाळी विणायचा.

"फाटलेलं नाही. तुझ्या बापानं विणलंय. वीस वर्षं एक मासा गळला नव्हता."

"मग बारीक भोकांचं विणून देतो."

"होडीवाल्यांना दरवर्षी आणखी बारीक विणून देतोसच की. आता मला दे. पुढच्या वर्षी मी चादर अंथरीन, तू त्यांना मच्छरदाणी शिवून दे."

गाठोबा हसला. आत्या हसली नाही. मांजराने जांभई दिली, त्या जांभईत दोन मांदेली पडली.

"मी नाही विणलं तर दुसरा विणेल, आत्या."

"विणू दे. मी तुझ्या हातांबद्दल बोलतेय." तिने करंगळीएवढं पिल्लू उचललं. "हे अंडी कधी घालणार होतं? जे माझ्या माचावरून गळतं, ते समुद्रातच गळू दे ना. इथे नुसतं मांजर वाढतंय."

गाठोबाने भोकात बोट घालून पाहिलं. भोक तेवढंच होतं. लहान झाले होते ते मासे, आणि ते त्याच्याच जाळ्यांतून आले होते!

दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठा होडीवाला जाळं न्यायला आला. गाठोबाने बापाच्या जुन्या जाळ्याचा तुकडा पुढे केला, यापुढे याच मापाचं विणीन म्हणाला.

"एवढ्या भोकातून माझी मांदेली निघून जाईल."

"लहान जाईल. मोठी होऊन येईल."

"येताना माझंच जाळं विचारत येईल का?"

"थव्यानं येते ती. सगळ्यांना पुरेल."

"दुकान बंद पडेल तुझं," म्हणत होडीवाला निघून गेला. गाठोबाने तो तुकडा दाराला टांगला. याहून बारीक भोक इथे विणलं जाणार नाही, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं ठरवलं. पण तीन आठवडे ज्याला सांगावं असं कोणी आलंच नाही.

चौथ्या आठवड्यात तोच होडीवाला खाली मान घालून आला. त्याच्या बायकोचेही मासे माचावरून गळत होते आणि तिच्याकडे तर मांजरही नव्हतं.

"ती म्हणते, माचाच्या मापाचंच जाळं आण. नाहीतर घरी येऊ नकोस."

मंडळी, 'दुसरा करेलच' म्हणत आपण जी गाठ मारतो, ती आपल्याच हातची असते. ती मारणं आपणच थांबवायचं, दुकान ओस पडलं तरी.

मांजर अजून तोंड उघडून पडतं. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.